बंदरावरचा बावटा, समुद्रातली होडी

‘बंदरावर तीन नंबरचा बावटा लावण्यात आला आहे.’ पावसाळ्याच्या तोंडावर आणि पुन्हा दिवाळीच्या मागेपुढे ही ओळ मराठी वर्तमानपत्रांत हमखास येते. देशावरच्या वाचकाला तिच्यातून एवढेच कळते की समुद्र खवळणार आहे. तीनच नंबर का, एक आणि दोन कुठे गेले, आणि लावतात म्हणजे नेमके काय लावतात, हे सहसा कोणी विचारत नाही.

पहिली गंमत अशी की हा बावटा म्हणजे झेंडा नव्हेच. बंदरातल्या उंच खांबावर दिवसा शंकूच्या आणि नळकांड्याच्या आकाराच्या मोठ्या आकृत्या चढवतात. रात्री त्यांची जागा लाल-पांढरे दिवे घेतात. झेंडा वाऱ्यात फडफडतो, पावसात काठीला चिकटतो, आणि वारा बघणाऱ्याच्या दिशेने असेल तर दिसतही नाही. शंकू चारही बाजूंनी शंकूच दिसतो. पण ‘बावटा’ हा शब्द एकदा तोंडात बसला तो बसला. मोठ्या बंदरांसाठी अशा एकूण अकरा खुणा ठरलेल्या आहेत. पहिल्या दोन सांगतात की वादळ दूर समुद्रात आहे; बंदराला धोका नाही, बंदर सोडून निघणाऱ्या जहाजाने मात्र विचार करावा. तिसरी आणि चौथी खूण खुद्द बंदरासाठी असते. पाच ते सात म्हणजे धोका, आठ ते दहा म्हणजे महाधोका. त्यातही कोणता आकडा लावला यावरून वादळ बंदराला आपल्या डाव्या हाताला ठेवून जाणार, उजव्या हाताला ठेवून जाणार, की थेट अंगावर येणार, हे जाणत्या खलाशाला कळते. लहान बंदरांना एवढ्या बारकाव्यांची गरज नाही असे ठरवून त्यांना फक्त तीन, चार, सात, दहा आणि अकरा एवढ्याच खुणा दिल्या. कोकणातल्या छोट्या बंदरांवर पहिला बावटा तिसऱ्या नंबरचाच दिसतो, तो यामुळे. अकरावी खूण सगळ्यांत विलक्षण आहे. तिचा अर्थ, हवामान कार्यालयाशी असलेला संपर्क तुटला आहे आणि बंदराच्या अधिकाऱ्याला स्वतःला हवेची लक्षणे ठीक दिसत नाहीत.

ही सारी व्यवस्था देशभर एकसारखी झाली ती १८९८ साली, आणि तिचा सांगाडा आजही जवळपास तोच आहे. सव्वाशे वर्षे टिकलेली सरकारी गोष्ट म्हणून तिचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण तिचा इतिहास चाळताना एक प्रश्न सारखा समोर येतो. बावटा बंदरावर लागतो. बंदरात नांगर टाकून उभा असलेल्याला किंवा निघायच्या तयारीत असलेल्याला तो दिसतो. जो चार दिवसांपूर्वीच जाळे घेऊन निघून गेला, त्याला कोण सांगणार? उष्ण कटिबंधातल्या समुद्राच्या हवामानाचे शास्त्र दोनशे वर्षांत कुठल्या कुठे गेले. हा एक प्रश्न मात्र त्याच्या मागून रखडत चालत राहिला.

शास्त्राच्या आधी पंचांग होते. अरबी समुद्रात वारा वर्षातून दोनदा दिशा बदलतो आणि हे बदलणे इतके नेमस्त आहे की त्यावर व्यापाराचे वेळापत्रक बांधता येते. अरबीत ठराविक हंगामाला ‘मौसिम’ म्हणतात. आपला मोसम तोच, आणि इंग्रजांचा मान्सूनही तोच. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद इब्न माजिद या अरब नाखव्याने आपल्या ग्रंथात कोणत्या बंदरातून कोणत्या काळात निघावे आणि कधी निघू नये याची तपशीलवार मांडणी केली, ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाची होती. हे ज्ञान हाताशी असणे आणि नसणे यात काय फरक पडतो, ते वास्को द गामाच्या एकाच सफरीत दिसते. एप्रिल १४९८ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीहून स्थानिक वाटाड्या घेऊन तो निघाला आणि तेवीस दिवसांत मलबारला पोहोचला. परतताना कालिकतच्या राज्यकर्त्याशी बिनसले होते, वाट बघायची तयारी नव्हती. गोव्याच्या दक्षिणेला असलेल्या अंजदीव बेटावर डागडुजी करून ५ ऑक्टोबरला त्याने शिडे उभारली. ईशान्येचा वारा अजून धरलेला नव्हता. कधी समोरून वारा, कधी वाराच नाही, असे करत आफ्रिकेचा किनारा दिसायला २ जानेवारी उजाडला. या एका ओलांडणीत तीसएक माणसे स्कर्व्हीने गेली. उरलेल्यांच्या बळावर तिन्ही जहाजे चालेनात म्हणून एक जाळून टाकावे लागले. महिनाभर थांबला असता तर कदाचित एवढे झाले नसते.

कोकणातही हेच पंचांग वेगळ्या नावांनी चालते. आगोटीची बेगमी झाली की होड्या किनाऱ्यावर ओढायच्या, शाकारायच्या, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन पुन्हा पाण्यात लोटायच्या. पहाटे जमिनीकडून सुटणारा मतलई वारा शिडात घेऊन बाहेर पडायचे, दुपारनंतरच्या खाऱ्या वाऱ्याने परत यायचे. या ज्ञानाबद्दल अलीकडे दोन टोकांचे लिखाण वाचायला मिळते. एकात ते अडाणी समजुती ठरते, दुसऱ्यात उपग्रहांपेक्षा श्रेष्ठ. दोन्ही चूक. हे ज्ञान नेमस्त गोष्टींचे आहे आणि नेमस्त गोष्टींपुरते ते फार पक्के आहे. चक्रीवादळ मात्र नेमस्त नसते.

इथे उष्ण समुद्राचा एक विचित्र खेळ समजून घ्यायला हवा. चक्रीवादळाला खाली साडेसव्वीस अंशांहून अधिक तापलेले पाणी लागते. विषुववृत्तापासून निदान चार-पाच अंश दूर असावे लागते, कारण त्याहून जवळ पृथ्वीच्या फिरण्याचा वाऱ्याला वळवणारा परिणाम फार दुबळा असतो. तिसरी अट अशी की खालच्या थरातला वारा आणि उंचावरचा वारा यांत फार तफावत नको. नाहीतर वादळाचा उभा खांब तयार होण्याआधीच मोडतो. भर पावसाळ्यात आपल्या समुद्रावर खाली नैऋत्येचा वारा असतो आणि वर त्याच्या उलट पूर्वेकडून येणारा जोरदार झोत. म्हणून जुलै-ऑगस्टात समुद्र खवळलेला असला तरी मोठी चक्रीवादळे जवळपास होत नाहीत. ती होतात पावसाळ्याआधी, म्हणजे मे आणि जूनच्या सुरुवातीला. आणि पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर ते डिसेंबरात. म्हणजे पंचांग ज्या महिन्यांत समुद्र मोकळा म्हणते, नेमक्या त्याच महिन्यांत. १८५४ साली मुंबईवर आलेले आणि चार तासांत हजारभर बळी घेणारे वादळ नोव्हेंबरातले. १९४८ चे मुंबईचे वादळही नोव्हेंबरातले, २००९ चे ‘फयान’ही. नारळ देऊन झालेला असतो, होड्या लांब गेलेल्या असतात.

या बेभरवशाच्या गोष्टीत काही भरवसा शोधणारा माणूस कलकत्त्यात होता. हेन्री पिडिंग्टन हा आधी पूर्वेकडच्या समुद्रांत जहाजे चालवलेला कप्तान, पुढे कलकत्त्याला स्थायिक झाला. तिथे तो खनिजांच्या संग्रहालयाचा अभिरक्षक होता आणि जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायालयाचा अध्यक्षही. १८३८ साली विल्यम रीड या इंग्रज अधिकाऱ्याचे वादळांच्या नियमांवरचे पुस्तक निघाले. ते वाचून पिडिंग्टन पेटला. पुढची वीस वर्षे तो एकच उद्योग करत राहिला. कलकत्त्याला लागणाऱ्या जहाजांच्या कप्तानांकडून त्यांच्या रोजनिशा मागायच्या, कोणत्या तासाला वारा कुठून होता, वायुभारमापकातला पारा किती उतरला, हे एकमेकांशी ताडून पाहायचे, आणि नकाशावर वादळाची वाट आखायची. एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने असे वीसहून अधिक प्रबंध लिहिले. समुद्रातून बातमी आणणारे दुसरे साधन नव्हते. वादळातून जे जहाज वाचले तेवढेच साक्ष देणार. बुडालेल्याची रोजनिशी त्याच्याबरोबर तळाला.

त्याच्या संग्रहातली सर्वांत नवलाची साक्ष ‘चार्ल्स हेडल’ या जहाजाची. फेब्रुवारी १८४५ मध्ये मॉरिशसजवळ हे जहाज वादळात सापडले. कप्तानाने वाऱ्याला पाठ देऊन पळ काढला. त्या वेळी शहाणपणाचे वाटणारे तेच होते. पण वारा वर्तुळात वाहत होता, त्यामुळे वाऱ्याबरोबर पळणारे जहाजही वर्तुळात पळू लागले. पाच दिवसांत त्याने वादळाच्या केंद्राभोवती पाच फेऱ्या घातल्या. वादळाला वळण असते, ते गरगरत पुढे सरकते, हे एखाद्या प्रयोगशाळेत सिद्ध करायचे म्हटले असते तरी याहून स्वच्छ प्रयोग सुचला नसता.

१८४८ साली पिडिंग्टनने खलाशांसाठी हँडबुक काढले. त्यात त्याने या फिरत्या वादळांना एक नवा शब्द सुचवला, ‘सायक्लोन’. मूळ ग्रीक शब्दात वर्तुळ आणि सापाचे वेटोळे या दोन्ही छटा आहेत. आपले ‘चक्रीवादळ’ त्याच कल्पनेवर उभे आहे. पुस्तकासोबत शिंगाच्या पातळ पारदर्शक चकत्या होत्या, त्यांवर वाऱ्याच्या दिशा कोरलेल्या. कप्तानाने चकती नकाशावर ठेवायची, आपल्या जहाजाजवळचा वारा जुळवायचा, आणि केंद्र कुठे आहे ते पाहून उलट्या दिशेला सुकाणू फिरवायचे. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की केंद्र डाव्या हाताला, दक्षिण गोलार्धात उजव्या हाताला, इतका सोपा हिशेब. थोडी चूक त्यातही होती. वारा शुद्ध वर्तुळात वाहत नाही, आत वळत वळत केंद्राकडे जातो. मॉरिशसच्या चार्ल्स मेल्ड्रमने पुढे शेकडो जहाजांच्या नोंदींवरून हे दाखवून दिले. शुद्ध वर्तुळाच्या भरवशावर चालणारा कप्तान क्वचित वादळ टाळण्याऐवजी त्याच्या पोटातच शिरत असे.

तरीही पिडिंग्टनचे मोठेपण मला या चकत्यांपेक्षा एका पत्रात दिसते. १८५३ मध्ये कलकत्त्याला पर्याय म्हणून मातला नदीवर नवे बंदर बांधायचे घाटत होते. त्याने गव्हर्नर जनरल डलहौसीला उद्देशून पत्र छापले आणि बजावले की ही जागा वादळाच्या लाटेच्या तोंडात आहे, एक दिवस समुद्र चढून येईल आणि वस्ती पाण्याखाली जाईल. कोणी ऐकले नाही. व्हाइसरॉय कॅनिंगच्या नावाने ‘पोर्ट कॅनिंग’ उभे राहिले. पिडिंग्टन १८५८ मध्ये वारला. नोव्हेंबर १८६७ च्या वादळात समुद्र चढून आला, आणि पुढल्या चार-पाच वर्षांत ते बंदर सोडून द्यावे लागले.

त्याआधी तीन वर्षे, ५ ऑक्टोबर १८६४ ला, कलकत्त्यालाच धडा मिळाला होता. हुगळीच्या मुखातून चढलेल्या पाण्याने आणि वाऱ्याने साठ हजारांच्या आसपास माणसे मेली. बंदरात दोनशेच्या घरात जहाजे होती, त्यांतली बहुतेक साखळदंड तोडून एकमेकांवर आदळली किंवा काठावर चढली. चौकशीचे काम गॅस्ट्रेल आणि हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडे आले. वादळ एकाएकी उपटले नव्हते, काही दिवस आधीपासून ते अंदमानच्या बाजूला समुद्रात होते आणि तिथून वाट चालत आले होते, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणजे वेळ होता, निरोप्या नव्हता. एव्हाना भारतात तारयंत्र येऊन दहा वर्षे झाली होती. १८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी वादळाची पूर्वसूचना देणारी पहिली व्यवस्था सुरू झाली. आशिया खंडातल्या अशा सुरुवातीच्या व्यवस्थांपैकी ती एक. मनिलाच्या वेधशाळेतल्या फेडेरिको फाउरा या जेझुइट पाद्र्याने तुफानाचा पहिला इशारा दिला तो १८७९ मध्ये.

इथे थांबून एक हिशेब मांडला पाहिजे. १८६४ चे साठ हजार बळी बहुतांशी हुगळीच्या काठचे आणि खाडीकडच्या गावांतले होते, लाटेने बुडालेले. व्यवस्था उभी राहिली ती बंदरासाठी. मालाने भरलेली जहाजे, त्यांचे विमे, चहा-ताग-नीळ-अफूचा व्यापार, या सगळ्याचा तिथे आवाज होता. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८७६ च्या ऑक्टोबरअखेर, आजच्या बांगलादेशातल्या बाकरगंजवर वादळ आले. एक लाखाच्या आसपास माणसे पाण्यात गेली आणि जवळपास तेवढीच नंतरच्या पटकीने नि उपासमारीने. तोवर कलकत्त्याचा बावटा होता. सरकारचे अखिल भारतीय हवामान खातेही आदल्याच वर्षी, १८७५ मध्ये, स्थापन झाले होते आणि ब्लॅनफर्ड त्याचा पहिला प्रमुख होता. मेघनेच्या मुखावरच्या चरांमध्ये झोपलेल्या माणसांना यातले काहीच दिसण्याजोगे नव्हते.

मुंबईकडे वळू. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली ती मुख्यतः खगोलवेधांसाठी आणि जहाजांना अचूक वेळ कळावी म्हणून. १८४१ पासून तिथे हवामानाची नियमित नोंद होऊ लागली. ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिणारे केरूनाना छत्रे तरुणपणी याच वेधशाळेत काम करत होते. मराठीत पंचांग सुधारणारा माणूस आधी रात्रंदिवस पारा आणि चुंबकसुई बघत बसला होता, ही गोष्ट मला नेहमी लक्षणीय वाटते. उष्ण प्रदेशात पारा बघण्याला एक खास अर्थ आहे. इथे तो दिवसातून दोनदा भरती-ओहोटीसारखा चढतो आणि उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास वर, दुपारी चारच्या सुमारास खाली, रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे पुन्हा खाली. ही लय इतकी शिस्तीची की सराईत माणूस तिच्यावरून घड्याळाचा अंदाज बांधेल. सकाळचे दहा वाजले आणि पारा चढायचा तसा चढला नाही, की समजावे, कुठेतरी काहीतरी बिनसले आहे.

कुलाब्याच्या या नोंदींनी एक वेगळेच काम केले. मोठ्या वादळांच्या अनेक याद्यांत ‘जून १८८२, मुंबई, एक लाख मृत्यू’ अशी नोंद वर्षानुवर्षे छापली जात होती. अभ्यासकांनी अलीकडे त्या दिवसांची वर्तमानपत्रे आणि हवामानाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे वादळ झालेच नव्हते हे उघड झाले. एक लाख माणसे मेलेली मुंबई दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचा उल्लेखही करणार नाही, ही शंका कोणाला इतकी वर्षे कशी आली नाही, कोण जाणे.

जे खरोखर झाले त्याचा मात्र पुरावा सापडत नाही. ‘वैतरणा’ नावाची आगबोट १८८५ साली स्कॉटलंडमध्ये बांधली गेली आणि मुंबई ते कच्छ अशा फेऱ्या करू लागली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून काठेवाडात तिचे नाव पडले ‘विजळी’. ८ नोव्हेंबर १८८८ ला मांडवीहून निघून द्वारकेला उतारू घेऊन ती मुंबईकडे यायला निघाली. दिवाळी होऊन गेली होती. बोटीवर लग्नाची वऱ्हाडे होती, मॅट्रिकच्या परीक्षेला मुंबईला निघालेली मुले होती, असे गुजरातेत आजही सांगतात. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ तिला वादळाने गाठले. सातशेहून अधिक माणसांसह ती नाहीशी झाली. शोधाला बोटी गेल्या, हाती काही आले नाही. मुंबई सरकारने चौकशी केली, तेव्हा अशा बोटींवरच्या बचावाच्या साधनांच्या अपुरेपणावर बोट ठेवले गेले. पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांना पूर्वसूचनेची सोय १८८० मध्ये मिळाली होती आणि १८८६ पर्यंत ती देशातल्या सगळ्या बंदरांपर्यंत पोहोचली होती. पण बोटीने किनारा सोडला की पुढच्या बंदरातला खांब दिसेपर्यंत ती आंधळी आणि मुकी. बिनतारी यंत्र यायला अजून बरीच वर्षे होती. कोकणच्या वाचकाला इथे ‘रामदास’ आठवेल. मुंबईहून रेवसकडे निघालेली ती बोट १७ जुलै १९४७ ला काशाच्या खडकाजवळ सहाशेहून अधिक माणसांसह बुडाली. पण ती चक्रीवादळाची गोष्ट नव्हे. भर आषाढातल्या समुद्राची आहे, आणि तिच्यावर वेगळे लिहायला हवे.

बिनतारी संदेश आल्यावर चित्र खरोखर बदलले. समुद्रातले जहाज आता साक्षीदार तर झालेच, शिवाय ते जिवंतपणी आणि ताबडतोब साक्ष देऊ लागले. हवामान खात्याचा कारभार तोवर सिमल्याहून चाले. समुद्राचे अंदाज हिमालयात बसून करायचे, हा साहेबी थाट. १९२८ मध्ये मुख्यालय पुण्याला आले, आणि पुणेकरांनी शिवाजीनगरच्या त्या इमारतीला नाव दिले ‘सिमला ऑफिस’. तिथल्या चौकाला आजही तेच म्हणतात. शेजारून रोज जाणाऱ्या किती जणांना त्या नावातला समुद्र माहीत असेल, सांगता येत नाही. जहाजांकडून येणाऱ्या संदेशांत मात्र एक मेख होती. इशारा जितका चांगला, तितकी जहाजे वादळापासून दूर पळणार; म्हणजे जिथली नोंद सर्वांत हवी तिथेच कोणी नाही. ही कोंडी फुटली ती १९६० मध्ये पहिला हवामान-उपग्रह गेल्यावर. १९६३ मध्ये हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेसाठी कुलाब्यालाच हवामान केंद्र उघडले गेले, आणि जहाजे, विमाने, उपग्रह यांच्या नोंदी पहिल्यांदा एका टेबलावर आल्या. पुढे भारताचे स्वतःचे उपग्रह आले, समुद्रात नांगरलेले स्वयंचलित बोये आले, गणकयंत्रावरची प्रारूपे आली.

जमिनीवर त्याचे फळ दिसले. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशात सुमारे दहा हजार माणसे गेली. चौदा वर्षांनी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, त्याच किनाऱ्यावर ‘फायलिन’ आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवलेले होते आणि बळींची संख्या दोन आकडी राहिली. बाकरगंजच्या चरात झोपलेल्या माणसापर्यंत निरोप पोहोचायला सव्वाशे-दीडशे वर्षे लागली, पण पोहोचला. आता किनाऱ्यावरच्या माणसाला सरकारी गाडी उठवते, शाळेत नेऊन बसवते.

होडीतल्या माणसाचे काय? मधल्या काळात होडीही बदलली होती. मतलईबरोबर जाऊन खाऱ्या वाऱ्याबरोबर परतणारी मासेमारी इंजिन आले तशी लांबत गेली. बर्फ घेऊन, डिझेल घेऊन, आठ-आठ पंधरा-पंधरा दिवस बाहेर राहणाऱ्या बोटी आल्या. मोठ्या जहाजांसाठी १९९९ पासून उपग्रहामार्फत इशारे मिळण्याची जागतिक सोय पक्की झाली, उत्तर हिंदी महासागराचा वाटा भारताच्या हवामान खात्याकडे आला. ट्रॉलरला ती सक्ती नव्हती आणि परवडणारीही नव्हती. त्याच्याकडे व्हीएचएफ संच, फार तर वीस-पंचवीस सागरी मैलांची पोच, आणि मोबाइल, तोही किनाऱ्याजवळ असेतोवर.

२०१७ च्या नोव्हेंबरअखेर कन्याकुमारीच्या दक्षिणेला ‘ओखी’ जन्मले. २९ तारखेला ते साधे कमी दाबाचे क्षेत्र होते, ३० ला चक्रीवादळ. किनाऱ्याच्या इतक्या जवळ आणि इतक्या झटपट वाढणारे वादळ अंदाज करणाऱ्यालाही श्वास घेऊ देत नाही. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या तुतूर, वल्लविलै, चिन्नतुरै या गावांतले मच्छीमार खोल समुद्रातल्या मासेमारीसाठी नावाजलेले. त्यांच्या अनेक बोटी कितीतरी दिवस आधीच निघून गेल्या होत्या. समुद्रात जाऊ नका, हा इशारा किनाऱ्यावर फिरत होता. जे गेलेलेच आहेत त्यांना तो काय उपयोगाचा? तमिळनाडू आणि केरळ मिळून शेकडो माणसे मेली किंवा कधीच परतली नाहीत. त्याच दिवसांत सिंधुदुर्गात देवगडच्या बंदराने एक वेगळे दृश्य पाहिले. वादळाच्या पुढे पळत आलेल्या साठाहून अधिक बोटी तिथे आश्रयाला लागल्या, बहुतेक केरळच्या, आणि त्यांत नऊशेहून अधिक माणसे होती. भाषा येत नव्हती. डिझेल संपत आले होते. घरच्यांना ती जिवंत आहेत हे कळवायचे कसे, इथपासून सुरुवात होती.

प्रत्येक वेळी निरोपच कमी पडतो असेही नाही. मे २०२१ च्या ‘तौक्ते’चा अंदाज काही दिवस आधीपासून होता आणि तो बरोबरही ठरला. तरी मुंबईपासून दूर तेलक्षेत्राजवळ तराफे आणि त्यांवरची माणसे राहिली, आणि एका तराफ्यावरची आणि एका टगवरची मिळून सत्तरहून अधिक माणसे गेली. तिथे प्रश्न अंदाज मिळण्याचा नव्हता, तो मिळाल्यावर काम थांबवायचे कोणी, याचा होता. १८६५ च्या कलकत्त्यातही बावटा पाहून जहाज रोखायचे की नाही हे बावटा लावणारा ठरवत नसे.

‘ओखी’नंतर सरकारी यंत्रणा या शेवटच्या टप्प्याकडे वळली. हैदराबादच्या राष्ट्रीय महासागर माहिती केंद्राने २०१९ मध्ये ‘जेमिनी’ नावाचे एक छोटे यंत्र आणले. विमानांसाठी असलेल्या ‘गगन’ या उपग्रहव्यवस्थेतून येणारा संदेश ते पकडते आणि ब्लूटूथने मच्छीमाराच्या मोबाइलवर दाखवते, किनाऱ्यापासून कितीही लांब असले तरी. त्याची मर्यादा एवढीच की संदेश एका दिशेने जातो; बोटीवरून उलट काही सांगता येत नाही. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्याच कार्यक्रमात, दुसऱ्या एका योजनेचा आरंभ झाला. इस्रोने घडवलेले एक लाख ट्रान्सपॉन्डर किनारपट्टीच्या तेरा राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत मासेमारीच्या यांत्रिक बोटींवर टप्प्याटप्प्याने बसवायचे, खर्च ३६० कोटी रुपये. त्यात बोट कुठे आहे हे किनाऱ्याला कळते, इशारा बोटीला जातो, आणि बोटीवरच्या माणसाला बटण दाबून किनाऱ्याला उत्तर देता येते.